मापात कापलेला कचरा

खोकी बनवणाऱ्या कारखान्याच्या मागच्या फाटकाशी रोज संध्याकाळी पुठ्ठ्यांचा एक ढीग साचायचा. कडा चेपलेले, छपाई चुकलेले, कापताना उरलेले जाडजूड पन्हळी पुठ्ठे. फाटकावरचा पहारेकरी म्हणायचा, "न्या हो बाई, तेवढीच माझी जागा मोकळी होते." बाई हातगाडी भरायच्या आणि ढकलत घेऊन जायच्या. याला कोणी भागीदारी म्हणत नव्हतं. कचरा नेणं म्हणत होते.

बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण मुलांमधून निवृत्त व्हायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं. एका लाँड्रीच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांची संस्था होती. पुढच्या खोलीत मुलांची मापं घ्यायची, मागच्या खोलीत खळ शिजायची. काही मुलांना आपलं आपण बसता येत नाही. पाठ धरत नाही, मान कलते, आणि साध्या खुर्चीत ठेवलं तर ती हळूहळू घसरत टेबलाखाली जातात. अशा मुलाची खुर्ची त्याच्या अंगावर बेतावी लागते. पाठीला हवा तेवढाच उतार, दोन्ही कुशींना आधार, घसरू नये म्हणून गुडघ्यांच्या मध्ये एक उंचवटा, आणि पुढे हात टेकायला एक फळी. लाकडाची केली तर ती जड होते, आणि मूल वाढलं तरी टाकून द्यायला जीव होत नाही. पुठ्ठ्याची हलकी होते. पुठ्ठ्याचे थर एक उभा, एक आडवा असे खळीने चिकटवले, वर वजन ठेवून वाळवले, की त्यावर मोठं माणूससुद्धा उभं राहतं.

हे उभं राहणारं मोठं माणूस म्हणजे बाईंचे दीर. जन्मभर पुस्तकबांधणी केलेला माणूस. बोटांवरची खळ जेवतानाही पुरती निघत नसे, म्हणून मुलांनी त्यांचं नाव चिकटराव ठेवलं होतं. प्रत्येक नवी खुर्ची झाली की ते चपला काढून तिच्यावर चढत आणि मुलाच्या आईबापांना म्हणत, "मी मोडेन, पण ही मोडायची नाही. घेऊन जा बिनधास्त."

त्या वर्षी सगळ्यात घाईची खुर्ची होती ती सरकारची. सरकार म्हणजे पुढच्या लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईची सहा वर्षांची मुलगी. बोलायला लागली तीच हुकूम सोडत, म्हणून हे नाव. तिचे पाय सोडले तर घरातलं सगळं तिचं ऐकत असे. रस्त्यापलीकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका तिच्या आईला म्हणाल्या होत्या, "सुट्टीनंतर नवा वर्ग सुरू होतोय. पोरगी हुशार आहे, दिसतंय मला. वर्गात आपली आपण बसली, तर पहिल्या दिवशी नाव घालते. पण धरून बसायला माझ्याकडे माणूस नाही, आणि तुम्हालाही रोज वर्गात बसू देता येणार नाही." बोलणं कडक होतं, पण वावगं काही नव्हतं. सरकारची जुनी खुर्ची आखूड झाली होती. गुडघे फळीला लागत, पाठ खांद्याच्या खालीच संपे. तेव्हा सुट्टी संपायच्या आत नवी खुर्ची व्हायला हवी होती. बाजारातली खोकी पातळ, थर लावले तरी दबतात. चांगला जाड पुठ्ठा त्या एकाच कारखान्यात बने, आणि विकत घ्यायचा तर निदान ट्रकभर घ्यावा लागे.

एवढ्यात कारखान्याला बाईंचा शोध लागला.

कंपनीत समाजकार्याच्या खात्यावर एक नवी तरुण मॅडम आली होती. तिने खिडकीतून हातगाडी पाहिली, पहारेकऱ्याला विचारलं, आणि दुसऱ्याच दिवशी ती लाँड्रीतल्या टांगलेल्या सदऱ्यांमधून वाट काढत मागच्या खोलीत हजर झाली.

"तुम्ही आमच्या कचऱ्याचं काय करता?"

"खुर्च्या," बाई म्हणाल्या.

मॅडमने खुर्च्या पाहिल्या, भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली मुलांची मापं पाहिली, आणि तिचे डोळे भरून आले. अश्रू खोटे नव्हते. मुलगी मनाने चांगलीच होती.

"बाई, म्हणजे आपण इतकी वर्षं एकत्र काम करतोय," ती म्हणाली, "आणि आम्हाला पत्ताच नव्हता!"

"मलाही नव्हता," बाई म्हणाल्या.

चिकटराव आतून म्हणाले, "वहिनी, पाहुण्यांना चहा ठेवू की भागीदारांना ठेवू? साखरेचा अंदाज वेगळा असतो."

मग भागीदारी सुरू झाली. पहिल्यांदा हातगाडी बंद झाली, कारण ती सुरक्षेच्या नियमात बसत नव्हती. पहारेकऱ्याला सांगण्यात आलं की यापुढे कोणाला काही उचलू द्यायचं नाही. त्याऐवजी कंपनीचं नाव रंगवलेला ट्रक आठवड्यातून एकदा लाँड्रीच्या दारात यायचा आणि रस्ता अडवायचा. खोलीत एक फलक लागला: 'कचऱ्यातून हसू'.

"मुलं काय, आधीही हसत होती," बाईंनी मॅडमला समजावून पाहिलं. "कचऱ्यातून पाठ सरळ होते. तसं लिहा ना."

"ते फलकावर बसत नाही, बाई."

फलकाच्या उद्घाटनाला माणसं आली, फिती कापल्या, आणि जाताना कोणीतरी ओल्या खळीच्या पातेल्यात कात्री ठेवून गेलं. ती काढताना चिकटराव बराच वेळ स्वतःशी पुटपुटत होते.

दोन-तीन फेऱ्या झाल्या आणि ट्रक यायचा थांबला.

बाईंनी वाट पाहिली. फोन केला तर एक गोड आवाज त्यांना कंपनीच्या कामाची माहिती ऐकवायचा. इकडे लाँड्रीत सरकारची आई इस्त्री फिरवता फिरवता मान वळवून मागच्या खोलीकडे बघे आणि काही न विचारता पुन्हा सदऱ्याकडे वळे. ते न विचारणं बाईंना फार लागायचं. शेवटी त्या उठल्या आणि कारखान्यात गेल्या. मागच्या फाटकाने नाही, कारण आता त्या भागीदार होत्या. पुढच्या दाराने गेल्या. तिथे त्यांच्या गळ्यात 'अभ्यागत' अशी पट्टी घालण्यात आली.

कापणी विभागाचे साहेब त्यांना भेटले. विभागात त्यांना शून्यसाहेब म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. त्यांनी नवं यंत्र आणलं होतं. ते पुठ्ठ्यावर तुकडे असे काही बसवायचं की उरायचं काहीच नाही, आणि जे चिमूटभर उरायचं त्याचा तिथल्या तिथे लगदा होऊन पुन्हा पुठ्ठा व्हायचा.

"चला, दाखवतो," म्हणत त्यांनी बाईंना मागच्या फाटकाशी नेलं. ढिगाच्या जागी स्वच्छ फरशी होती आणि एका कुंडीत हिरवं झाड. पहारेकरी झाडाला पाणी घालत होता. त्याने बाईंकडे पाहिलं आणि खांदे उडवले.

"कारखान्यातून बाहेर जाणारा कचरा शून्य," शून्यसाहेब म्हणाले. "कसं वाटतं?"

"छान आहे," बाई म्हणाल्या. वर्गात एखाद्या मुलाने सुंदर अक्षरात चुकीचं उत्तर लिहिलं की त्या याच आवाजात छान म्हणत. "पण मग माझ्या खुर्च्या?"

खोलीत परत येऊन शून्यसाहेबांनी मॅडमला बोलावलं. दोघांच्या खोल्या एकमेकींना लागून होत्या, मध्ये फक्त काच. तरीही मॅडमला ही बातमी नवीच होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"कचराच नाही? अहो, या वर्षी आपण दुप्पट कचऱ्याचं हसू करणार म्हणून जाहीर केलंय!"

"आणि कचरा शून्य करणार म्हणूनही जाहीर केलंय," शून्यसाहेब म्हणाले. "त्याच सभेत. तुमच्या आधी माझं भाषण होतं."

"मी तेव्हा माझं भाषण वाचत होते."

"टाळ्या तर वाजवल्यात."

"तुम्हीही वाजवल्या होत्या माझ्यासाठी!"

बाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. शेवटी त्यांनी साधा उपाय सुचवला. "मला चांगले पुठ्ठेच द्या की थोडे. ट्रक नको. माझ्या गाडीत मावतील तेवढे."

दोघांनी दचकून बाईंकडे पाहिलं. जणू बाईंनी कोणाच्या घरातला पलंग मागितला होता.

"चांगला पुठ्ठा म्हणजे माल, बाई," मॅडम हळूच म्हणाली. "माल दिला तर ते दान होतं. दानाचं खातं वेगळं आहे. ती माणसं सध्या झाडं लावायला गेलीत. आपली भागीदारी कचऱ्याची आहे."

"मग?"

"मग कचराच करावा लागेल."

शून्यसाहेब उठून उभेच राहिले. "माझ्या मजल्यावर? कचरा?"

हे प्रकरण वरच्या मजल्यावर मोठ्या साहेबांकडे गेलं. मोठे साहेब मोठे का झाले होते ते त्यांच्या निकालावरून कळलं. मुद्दाम केलेली वस्तू कचरा नसते, तो माल असतो, म्हणून कारखान्यात कचरा शून्यच राहील. तोच माल फाटकाबाहेर पडला की त्याला कचरा म्हणायचं, म्हणजे हसूही दुप्पट होईल. शून्यसाहेबांनी फाटकाच्या आतली बाजू सांभाळायची, मॅडमने बाहेरची. सगळ्यांना समाधान वाटलं. पहारेकऱ्याला कोणी विचारलं नाही, पण खरं तर सगळा बदल त्याच्या पायाखाली होणार होता.

ट्रक पुन्हा आला.

बाई आणि चिकटराव धावत बाहेर गेले. ट्रकमध्ये पारदर्शक कागदात गुंडाळलेले नीटस गठ्ठे होते. चिकटरावांनी एक फोडला. तळहाताएवढे तुकडे. एकजात सारखे. कोपरे गोल केलेले, मुलांना लागू नयेत म्हणून.

चिकटराव तुकडा हातात धरून उलटसुलट बघत राहिले. "वहिनी, हा कचरा आहे की बिस्किटं? चहात बुडवून बघू का?"

"भावजी, थट्टा पुरे. याची पाठ कशी करायची ते सांगा."

"विटा रचतात तशी रचू. पण विटांमध्ये चुना असतो, आणि माझ्याकडे खळ आहे."

तरीही त्यांनी केली. विटा रचतात तशीच केली. वाळवली, पट्ट्या चिकटवल्या, रंग दिला. दिसायला झकास झाली. पण या वेळी चिकटराव चपला काढून तिच्यावर उभे राहिले नाहीत, यातच सगळं आलं. सरकारला तिच्या आईने अलगद तिच्यात बसवलं आणि दोन्ही हात दोन बाजूंना तयार ठेवले. थोडा वेळ सगळं ठीक होतं. मग पाठ मधोमध वाकायला लागली, हळूहळू, आणि तिच्याबरोबर सरकारही.

"सांभाळ, पडशील," आई म्हणाली.

"मी नाही पडत," सरकार वाकता वाकता चिडून म्हणाली. "खुर्ची पडतेय."

आईने तिला उचलून खांद्यावर घेतलं. तिची पाठ थोपटत ती एवढंच म्हणाली, "बाई, राहू दे. पुढच्या वर्षी बघू शाळेचं." बाईंनी आयुष्यभर मुलांच्या तोंडून 'नंतर करतो' ऐकलं होतं, आणि त्या नंतरचं पुढे काय होतं तेही पाहिलं होतं. पुढच्या वर्षी सरकार सात वर्षांची, वर्ग सहा वर्षांचा.

"उद्या सकाळी हिला तयार ठेव," त्या म्हणाल्या. "कारखान्यात जायचंय."

"हिला घेऊन? तिथे काय करणार ही?"

"जे इथे करते तेच. हुकूम सोडेल."

रात्रभर बाईंच्या मनात मॅडम नव्हती, मोठे साहेबही नव्हते. शून्यसाहेब होते. प्रत्येक वर्गात असा एक मुलगा असतो, जो चित्र काढायच्या आधी पट्टीने चौकट आखतो. मग चौकट सरळ आली नाही म्हणून पान फाडतो आणि तास संपेपर्यंत चित्राला हातच लागत नाही. अशा मुलाला रागावून उपयोग नसतो. त्याला अवघड चित्र द्यायचं असतं.

सकाळी शून्यसाहेबांच्या टेबलावर बाईंनी तो तळहाताएवढा तुकडा ठेवला.

"साहेब, वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्हाला कचरा करता येत नाही."

"म्हणजे?" शून्यसाहेबांचे कान लाल झाले.

"हे बघा ना. सगळे तुकडे सारखे. कचरा असा कुठे असतो? कचरा म्हणजे कुठे मोठा, कुठे बाक असलेला, कुठे खाच पडलेला. हा तर शिस्तीचा कचरा झाला. कोण विश्वास ठेवेल?"

काचेपलीकडून ऐकत असलेल्या मॅडमने दचकून मान वर केली. विश्वासाची बाजू तिच्याकडे होती.

"मग कसा हवाय?" शून्यसाहेबांनी कागद पुढे ओढला. आणि पेन्सिल. आणि, बाईंनी मनात म्हटलं, हं, पट्टीपण.

बाईंनी आकार काढून दाखवले. एक लांब तुकडा, वरून किंचित मागे झुकणारा. दोन बाजूंचे तुकडे, मध्ये आत वळलेले. एक बैठक, समोरून जराशी उचललेली. मध्ये एक उंचवटा.

शून्यसाहेब बराच वेळ बघत होते. मूर्ख नव्हते ते. "बाई, ही खुर्ची आहे."

"मला काही दिसत नाही बुवा. मी तर कचरा सांगतेय."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "मापं?" त्यांनी विचारलं.

"मापं इथे बसली आहेत," म्हणून बाईंनी सरकारच्या आईला पुढे केलं.

आईने टेबलाशी बसून सरकारला मांडीत धरलं. शून्यसाहेबांनी टेप काढला आणि गुडघ्यांवर बसले. माणसाचं माप त्यांनी कधी घेतलं नव्हतं. खोक्याच्या कडा जिथल्या तिथे असतात, या कडा हलत होत्या.

"गुदगुल्या नको," सरकार म्हणाली.

"मोजतोय मी."

"मग नीट मोजा. टेप वाकडा आहे तुमचा."

त्यांनी पाहिलं. खरंच वाकडा होता. त्यांनी सरळ केला, आकडा लिहिला, पुढच्या मापाकडे वळले.

"पुन्हा मोजा ते," सरकार म्हणाली.

"आता का?"

"मी श्वास धरला होता."

शून्यसाहेबांनी टेप परत लावला. त्यांनी पुन्हा मोजलं, एकदा श्वास आत असताना आणि एकदा बाहेर असताना, आणि दोन्ही आकडे लिहिले. मग नेहमीच्या सवयीने त्यांनी बाईंना विचारलं, "फरक किती चालेल?"

"अजिबात नाही चालणार," उत्तर सरकारनेच दिलं.

इतक्या वर्षांत कारखान्यात शून्यसाहेबांशी एकमत असलेलं कोणी त्यांना भेटलं नव्हतं. ते उठले तेव्हा त्यांचा चेहरा परीक्षेत सगळे प्रश्न येत असलेल्या मुलासारखा झाला होता. पुठ्ठ्याची पन्हळ एका थराला उभी आणि दुसऱ्याला आडवी असं यंत्रच कापून देईल, हे त्यांनी आपणहून सुचवलं. कुशीच्या आधाराला जास्तीचा थरही सुचवला, आणि तो बाईंना कधी सुचला नव्हता.

मॅडम दारात येऊन उभी होती. फोन कानाला होता, नजर सरकारकडे. आईच्या खांद्यावर मान टाकलेली ती पोर बघून तिने हातानेच 'किती गोड' अशी खूण केली आणि फोन खाली करून विचारलं, "पण हे फाटकाबाहेर कचराच राहील ना?"

"फाटकाबाहेरचं तुम्ही बघा," शून्यसाहेब टेप गुंडाळत म्हणाले. "मला आता काम आहे."

एकच गोष्ट अडली. यंत्र एका खुर्चीसाठी चालू होत नसे. कमीत कमी एक ट्रक.

"मग बाकीच्यांना वेगवेगळी मापं द्या," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे भिंतभर मापं आहेत."

"दरवेळी माप बदललं की दरवेळी वरून मंजुरी लागते," मॅडम म्हणाली. "हिचं माप मंजूर करून घेते मी आजच्या आज. तेवढंच होईल."

झालं. दोन दिवसांनी ट्रक आला, आणि त्यात सरकार होती. म्हणजे सरकारची पाठ, सरकारच्या कुशी, सरकारची बैठक, गठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांत. मागची खोली भरली, पुढची भरली, उरलेलं लाँड्रीच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरींखाली ठेवावं लागलं.

"वहिनी," चिकटराव म्हणाले, "ही पोरगी आधीच आवरत नाही. आता ट्रकभर झाली."

पण त्यांनी पहिली खुर्ची चिकटवली ती मात्र जीव ओतून. वाळल्यावर चपला काढल्या, वर चढले, आणि खाली उतरायचंच विसरले, इतकी ती भक्कम होती. मग सरकारला बसवलं. आईचे दोन्ही हात दोन बाजूंना.

"हात सोड," सरकार म्हणाली.

"सोडलेत."

"कधी?"

"मगाशीच."

सरकारने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. हात खरंच नव्हते. तिने फळीवर कोपरं टेकली आणि म्हणाली, "मग आता जा ना, तुझी इस्त्री तापली असेल." आई गेली. इस्त्री तापली नव्हतीच, बराच वेळ नुसतीच हातात होती.

बाकीच्या ढिगाचं काय करायचं, हा विचार बाईंनी पुढे ढकलला होता. मॅडमने ढकलला नव्हता.

"खुर्च्या ट्रकभर," ती फोनवर म्हणाली, "मग मुलंही ट्रकभर लागतील ना बाई. मोठे साहेब स्वतः येणार आहेत फोटोला."

"अगं, त्या सगळ्या एकाच मुलीच्या मापाच्या आहेत."

"वय काय तिचं?"

"सहा."

"मग सोपं आहे! सहा वर्षांची मुलं मिळतील की."

बाई बोलायला गेल्या आणि थांबल्या. काही मुलांना उत्तर सांगायचं नसतं, त्यांना ते पाटीवर मांडू द्यायचं असतं.

खुर्च्या चिकटवायला कंपनीची माणसं आली, सगळ्यांनी एकाच रंगाचे सदरे घातलेले. हिशेबाची, विक्रीची, वरच्या मजल्यावरची. तो त्यांचा सेवेचा दिवस होता. चिकटरावांनी आयुष्यात एवढे हुद्दे एकदम हाताखाली घेतले नव्हते. "साहेब, खळ लावताय की लोणी? पातळ लावा. अहो मॅडम, तुमची बांगडी गेली आत, आता ती सात वर्षांनी निघेल." विक्रीचे एक साहेब खुर्चीला पाठ टेकून फोनवर बोलत राहिले आणि त्यांचा सदरा तिथेच राहिला. पण संध्याकाळी सगळे खरोखर खूश होऊन गेले. हाताला काहीतरी चिकटलेलं बऱ्याच दिवसांनी पाहिलं होतं त्यांनी.

मॅडमने शाळा गाठली. तीच, रस्त्यापलीकडची. मुख्याध्यापिकांना नव्या वर्गासाठी बाकं हवीच होती. जुनी डुगडुगत होती, त्यांनी खुर्च्यांना लगेच हो म्हटलं. ज्याला नीट बसता येतं अशा मुलाला तसल्या खुर्चीची गरज नसते, पण त्याने काही बिघडतही नाही, हे बाईंनी आधी तपासून घेतलं. बसवून पाहिलेल्या गल्लीतल्या मुलांनी गुडघ्यांमधल्या उंचवट्याला पहिल्या पाच मिनिटांत घोडा ठरवलं होतं.

शाळेचा पहिला दिवस. सकाळी वर्ग भरायच्या आधी सरकारच्या आईने तिला आत नेऊन बसवलं, दुसऱ्या ओळीत, खिडकीच्या बाजूला, आणि ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली. मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी सरकारला नाव विचारलं, वय विचारलं, शेवटी "बरं बसलंय ना?" विचारलं.

"मला बरं आहे. तुम्ही उभ्या का?" सरकार म्हणाली.

मुख्याध्यापिकांनी पटावर नाव लिहिलं. आई दाराबाहेर उभी होती, आता तिला जायला हरकत नव्हती, पण ती गेली नाही.

मग बाकीची मुलं आली आणि आपापल्या खुर्च्यांमध्ये शिरली. मग सदरे आले, फलक आला, छायाचित्रकार आला, आणि शेवटी मोठे साहेब. शून्यसाहेबही आले होते. ते फोटोकडे न बघता मागच्या भिंतीशी उभं राहून दुसऱ्या ओळीतल्या एका खुर्चीच्या कुशीचा सांधा दुरून तपासत होते. बाई आणि चिकटराव दाराशी, सरकारच्या आईजवळ.

वर्ग पाहून मोठे साहेब प्रसन्न झाले. चाळीसेक मुलं, चाळीसेक खुर्च्या, सगळ्यांच्या पाठी ताठ, सगळ्यांचे हात फळीवर.

"सुंदर," ते म्हणाले. "आता ती मुलगी कुठे आहे? तिच्याशेजारी उभा राहतो."

मॅडम पुढे झाली. तिने पहिली ओळ पाहिली, दुसरी पाहिली, तिसरी, चौथी. पुन्हा पहिलीपासून पाहिलं. तिने सरकारला एकदाच पाहिलं होतं, आईच्या खांद्यावर मान टाकलेली. तशी मान या वर्गात कोणाचीच नव्हती.

ती लगबगीने दाराशी आली. "बाई," ती हलक्या आवाजात म्हणाली, "यातली आपली कुठली?"

"सगळ्या आपल्याच," बाई म्हणाल्या.

"तसं नाही हो! ती. जिच्यासाठी हे सगळं."

सरकारच्या आईने तोंड उघडलं. बाईंनी तिच्या दंडावर हळूच हात ठेवला. आईने बाईंकडे पाहिलं, वर्गाकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. चिकटराव छताचे पत्रे मोजायला लागले.

"फोटोत काहीच कळत नाहीये," छायाचित्रकार कॅमेऱ्यात बघत म्हणाला. "सगळी सारखीच दिसतात. नुसता शाळेचा वर्ग वाटतोय."

"बाकीच्यांना जरा वेळ उठवू या का?" मॅडमने मुख्याध्यापिकांना विचारलं.

"आत्ताच बसलीत," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "माझा तास सुरू व्हायचाय."

मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. छायाचित्रकाराला घाई होती, त्याला अजून एका ठिकाणी झाडं लावतानाचे फोटो काढायचे होते. त्याने सरळ वर्गालाच हाक मारली.

"मुलांनो, इकडे बघा! तुमच्यातल्या जिला बसता येत नाही, तिने हात वर करा बरं."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. पहिल्या ओळीने दुसऱ्या ओळीकडे पाहिलं, दुसरीने तिसरीकडे. हात कोणीच वर केला नाही. सरकारनेही मान वळवून मागच्या ओळीकडे पाहिलं, अशी कोण आहे म्हणून.